समुद्रातल्या सिस्मिक डेटामधला घोस्ट आणि मल्टिपल कसा काढतेत: गावाकडच्या पोरांनी विचारलेले प्रश्न

मी मूळचा परभणीकडचा, आता बरीच वर्षं झाली मरीन सिस्मिक डेटाच्या (म्हणजे आवाजाच्या लाटा सोडून समुद्राखालचे थर बघायच्या नोंदींच्या) प्रोसेसिंगमधी काम करतोय. गावी आलो की लोक विचारतेत, अरे आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाबी समुद्र लागत नाही आणि तू समुद्राचं नेमकं करतोस काय. नांदेडच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र संकुलातली, संभाजीनगरची, लातूरची पोरं फोन करून तेच तेच प्रश्न विचारायलेत, म्हणून सगळं एकदाच इथं लिहून ठेवतोय. गणित कमीत कमी ठेवलंय पण जिथं आकडा लागतो तिथं आकडा दिलाय, कारण आकड्याशिवाय हा विषय हाताला लागतच नाही.

समुद्रातला सिस्मिक सर्व्हे असतो कसा, आधी ते सांगा

एक जहाज चार-पाच नॉट म्हणजे ताशी आठ-नऊ किलोमीटरनं चालत राहतं, सायकलवर निवांत जावं तसं. जहाजाच्या मागं पाण्यात पाच-सात मीटर खोल एअरगन असतेत. त्यात 2000 पीएसआय दाबाची हवा भरलेली असते (गाडीच्या टायरमधी तीस-बत्तीस असते, त्यावरून अंदाज घ्या) आणि ठरलेल्या अंतरावर, समजा दर 25 मीटरला, ती हवा एकदम पाण्यात सोडतेत. त्या धक्क्याची लाट खाली जाते, समुद्रतळावर आणि त्याखालच्या प्रत्येक थरावर थोडी थोडी आपटून वर येते. वर तिला ऐकायला जहाजामागं ओढलेल्या लांबच लांब केबली असतेत, त्यांना स्ट्रीमर म्हणतेत. एकेक स्ट्रीमर सहा-आठ किलोमीटर लांब, त्यात हायड्रोफोन म्हणजे पाण्यातले माइक. दर साडेबारा मीटरला एक चॅनेल धरला तर आठ किलोमीटरच्या एका केबलीत 640 चॅनेल, आणि अशा दहा केबली असल्या तर एका शॉटला 6400 ट्रेस (एका चॅनेलची एका शॉटची नोंद म्हणजे एक ट्रेस). असे शॉट दिवसभर, रात्रभर, महिनोन्‌महिने चालतेत. हा सगळा डेटा आमच्याकडं येतो.

पाण्याच्या वर तर निस्ती हवा आहे, मग वरून लाट परत कशी येते?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि बहुतेकजण विचारतच नाहीत. लाट आपटायला समोर टणक भिंतच पाहिजे असं नाही, दोन माध्यमांमधी फरक मोठा असला की झालं. वेग गुणिले घनता हा तो आकडा. पाण्याचा वेग सेकंदाला 1500 मीटर, घनता 1000, म्हणजे पंधरा लाख. हवेचा 340 गुणिले साधारण 1.2, म्हणजे जेमतेम चारशे. कुठं पंधरा लाख आणि कुठं चारशे. त्यामुळं खालून आलेल्या लाटेतला 99.9 टक्क्यांहून जास्त भाग पाण्यातच परत खाली फिरतो. शांत समुद्राचा पृष्ठभाग म्हणजे सिस्मिक लाटेसाठी जवळजवळ पक्का आरसा, समुद्रतळसुद्धा एवढा चांगला आरसा नसतो.

आणि हा आरसा लाट उलटी करून पाठवतो. एक लांब दोर खुंटीला बांधून दुसऱ्या टोकानं वर झटका द्या, खुंटीपर्यंत गेलेला उंचवटा परत येताना खोलगट होऊन येतो. तसंच इथं, दाब वाढलेली लाट वर गेली की दाब कमी झालेली होऊन खाली येते. विहिरीत हाक मारल्यावर जो आवाज घुमतो त्याचं उदाहरण सगळे देतेत, मीसुद्धा आधी द्यायचो, पण विहिरीच्या भिंतीवरून हाक उलटी होऊन येत नाही आणि इथं सगळा खेळ त्या उलटेपणाचाच आहे, म्हणून दोराचं उदाहरण जास्त बरोबर.

घोस्ट आणि मल्टिपल एकच का?

नाही. दोन्हीचं मूळ एकच, समुद्राचा पृष्ठभाग, पण दुखणं वेगळं आणि औषधबी वेगळं.

घोस्ट म्हणजे जवळची सावली. जमिनीतून वर येणारी लाट आधी हायड्रोफोनला लागते, मग वर पृष्ठभागापर्यंत जाते आणि उलटी होऊन लगेच परत त्याच हायड्रोफोनला लागते. हा रिसीव्हर घोस्ट. तसंच एअरगनमधून निघालेला आवाज खाली जातो तसा वरबी जातो आणि पृष्ठभागावरून उलटा होऊन मागोमाग खाली येतो, हा सोर्स घोस्ट. त्यामुळं थर एकच असला तरी डेटात त्याच्या चार प्रती येतेत: एक खरी, दोन उलट्या, आणि दोन्हीकडं उलटून परत सुलटी झालेली चौथी. हे सगळं दहा-वीस मिलिसेकंदांत होतं म्हणून डोळ्याला चार रेघा दिसत नाहीत, एकच जाड, विस्कटलेली रेघ दिसते.

मल्टिपल म्हणजे लाट वर आली, पृष्ठभागावर आपटली आणि पुन्हा पार समुद्रतळापर्यंत किंवा त्याखालच्या थरापर्यंत जाऊन परत आली. ती उशिरा येते, शेकडो मिलिसेकंद नाहीतर कित्येक सेकंदांनी, आणि सेक्शनवर (डेटातून काढलेलं थरांचं उभं चित्र) वेगळा थर असल्यासारखी दिसते. नसलेला थर दाखवते म्हणून मल्टिपल जास्त फसवा.

घोस्टनं एवढं बिघडतं काय? रेघ जाड झाली तर झाली

रेघ जाड होण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे काही फ्रिक्वेन्सी अक्षरशः मरतेत.

हिशोब साधा आहे. केबल 7.5 मीटर खोल असेल तर घोस्टला वर जाऊन यायला 15 मीटर जास्तीचे, म्हणजे 10 मिलिसेकंद. आता 100 हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तनबी बरोबर 10 मिलिसेकंदांचंच. म्हणजे उलटी प्रत बरोब्बर एक आवर्तन मागं येऊन खऱ्या लाटेवर बसते आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतेत. 100 हर्ट्झला डेटात खड्डा पडतो, त्याला नॉच म्हणतेत. मग 200 ला, 300 ला असंच. केबल 15 मीटरवर नेली तर खड्डे 50, 100, 150 ला. 25 मीटरवर नेली तर 30, 60, 90 ला. सूत्र पाहिजे असेल तर वेग भागिले खोलीची दुप्पट, आणि मग त्याच्या पटी.

पण या यादीत एक खड्डा कायम विसरला जातो, शून्य हर्ट्झचा. तो केबल कुठंबी धरा, असतोच. आणि त्याच्या उताराला 3, 5, 8 हर्ट्झ अशा खालच्या फ्रिक्वेन्सी लागतेत. 7.5 मीटरच्या केबलीवर 5 हर्ट्झची लाट घोस्टमुळं मूळच्या 0.31 पट उरते, तर 50 हर्ट्झची दुप्पट होते. म्हणजे या दोघींमधी सुमारे 6.4 पटीचा फरक निस्त्या घोस्टनं घातला, जमिनीचा त्यात काही संबंध नाही.

हे कानानं ऐकायचं असेल तर मोबाइलवर तुळजापूरच्या गोंधळातला संबळ रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधी ट्रॅकची कॉपी काढा, कॉपी उलटी करा (इन्व्हर्ट असं बटण असतं), एक मिलिसेकंद उशिरा सरकवा आणि दोन्ही एकत्र वाजवा. संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमारा बसून जातो, निस्तं टिणटिण उरतं. तो घुमारा म्हणजेच आमच्या खालच्या फ्रिक्वेन्सी. हे एकदा ऐकलं की घोस्ट काय करतो ते डोक्यात पक्कं बसतं, वर्गात तासभर सांगून बसत नाही.

खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी एवढा जीव का काढायचा?

कारण आपला काळा पाषाण. गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच.

आपल्या पायाखाली जो बेसॉल्ट आहे, ज्याच्यात बोअर घेताना बोअरवाल्याचा दिवस जातो, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर तिथं शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं तेव्हा हा दगड 338 मीटर जाड निघाला, खाली गाळाचा पातळ थर आणि मग जुना मूळ खडक. आता हाच दगड पश्चिमेला किनाऱ्यावर थांबत नाही, अरबी समुद्राखाली जातो. सौराष्ट्र, कच्छ, केरळ-कोकण या समुद्री भागांत बेसॉल्टच्या खाली जुने गाळाचे थर आहेत आणि तेल-वायू शोधणाऱ्यांना ते बघायचेत.

बेसॉल्ट म्हणजे एकावर एक ओतलेले लाव्हाचे थर, मधे लाल मातीचे पट्टे, भेगा, पोकळ्या. आपल्याकडं कुठल्याबी नव्या विहिरीच्या कडेला उभं राहून बघितलं तर हे सगळं उघड्यावर दिसतं. वरच्या फ्रिक्वेन्सीची छोटी लाट याच्यात शिरली की विखरून संपते. 5-10 हर्ट्झची लांब लाट मात्र या बारीकसारीक गोष्टींकडं बघत नाही, पार होते आणि खालून बातमी घेऊन येते. आणि नेमकी तीच लाट घोस्ट खातो. म्हणून घोस्ट काढणं म्हणजे चित्र सुंदर करणं आहे असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. बेसॉल्टखाली बघायचं तर ते पहिलं काम आहे.

मग केबल खोलच धरा की कायम, वर कशाला धरतेत?

खोल धरली की खालच्या फ्रिक्वेन्सी सुधारतेत हे खरं. 25 मीटरवर 5 हर्ट्झची लाट 0.31 नाही तर पूर्ण 1 पट मिळते, शिवाय लाटांचा धिंगाणा वर राहतो आणि केबल शांत असते. पण मग 30 हर्ट्झलाच खड्डा. बारीक थर बघायला 30, 60 हर्ट्झ पाहिजेतच. जुन्या काळी दोन्हीत मधला मार्ग काढून सहा-आठ मीटरवर केबल धरायचे आणि जे गेलं ते गेलं म्हणायचे, त्यामुळं जुन्या डेटात खालची बाजू कमजोर असते.

डिघोस्टिंग करतेत कसं?

तत्त्व सोपं आहे. घोस्ट काही परका गोंगाट नाही, आपलाच सिग्नल आहे, उलटा आणि उशिरा आलेला. किती उशिरा ते केबलच्या खोलीवरून कळतं, किती उलटा तेबी माहीत आहे. म्हणजे घोस्टनं डेटावर केलेली क्रिया आपण लिहू शकतो आणि तिची उलट क्रिया डेटावर लावू शकतो. एका ओळीचं गणित.

अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली म्हणजे कोन. वर दिलेला 10 मिलिसेकंदांचा हिशोब सरळ उभ्या येणाऱ्या लाटेचा. तिरकी लाट आली की उशीर कमी होतो, कोनाच्या कोसाइननं. 30 अंशाला 7.5 मीटरच्या केबलीचा खड्डा 100 ऐवजी 115 हर्ट्झच्या आसपास जातो, 60 अंशाला थेट 200 ला. आणि एका ट्रेसवर एकाच वेळी वेगवेगळ्या कोनांच्या लाटा येऊन पडलेल्या असतेत. म्हणून डेटा आधी टाऊ-पी नावाच्या डोमेनमधी नेतेत, तिथं लाटा कोनाप्रमाणं वेगळ्या होतेत, प्रत्येक कोनाला त्याचा त्याचा उशीर लावून घोस्ट काढतेत आणि परत आणतेत.

दुसरी, नॉचमधी सिग्नल जवळजवळ शून्य असतो, आणि शून्याला परत मोठं करायचं म्हणजे शून्यानं भागायचं. तिथं सिग्नल नसला तरी गोंगाट असतोच, तोच शंभरपट होऊन वर येतो. म्हणून उलट क्रियेला लगाम घालतेत, अमुक पटीच्या वर वाढवायचं नाही म्हणून. लगाम किती घट्ट धरायचा हे अजूनबी डेटा बघूनच ठरवावं लागतं. गावाकडं सांगतेत तसं, विहिरीत असेल तर पोहऱ्यात येईल.

तिसरी अडचण समुद्राची. वर मी पक्का आरसा म्हणालो पण तो शांत पाण्याचा. दोन मीटरच्या लाटा उसळत असल्या की पृष्ठभाग वर-खाली होतो, वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी आरसा खडबडीत होतो, आणि केबलबी ठरल्या खोलीवर राहत नाही. केबलवर खोली सांभाळायला छोटे पंख असलेली यंत्रं असतेत, त्यांना बर्ड म्हणतेत, तरी इकडंतिकडं होतंच. म्हणून कागदावरची खोली आंधळेपणानं वापरायची नाही. डेटालाच विचारायचं. आम्ही खोली थोडी थोडी बदलून बघतो आणि ज्या खोलीला निकाल सगळ्यात साफ येतो ती घेतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात सर्व्हे टाळतेत त्याचं एक कारण हेच की खवळलेल्या समुद्रात हे काहीच धड होत नाही.

दोन सेन्सरवाली केबल म्हणजे काय? तिरकी केबलबी असते म्हणे

दोन्ही आहेत आणि दोन्हीमागची कल्पना मला मनापासून आवडते.

हायड्रोफोन निस्ता दाब मोजतो, लाट वरून आली का खालून हे त्याला कळत नाही. पण पाण्याचा कण वर हलला का खाली हे मोजणारा दुसरा सेन्सर त्याच्या शेजारी ठेवला तर कळतं. घोस्ट दाबाच्या नोंदीत उलटा येतो तर वेगाच्या नोंदीत सुलटा. एकात जिथं खड्डा, दुसऱ्यात बरोबर तिथंच टेकडी. दोन्ही योग्य मापानं मिळवले की वर जाणारी लाट उरते आणि खाली येणारी जाते. पीजीएस कंपनीनं 2007 मधी जिओस्ट्रीमर नावानं अशी केबल आणली. त्यातबी एक मेख आहे, ओढल्या जाणाऱ्या केबलच्या थरथरण्यानं वेगाचा सेन्सर अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीत गोंगाटानं भरतो, म्हणून तो भाग हायड्रोफोनवरूनच हिशोबानं तयार करून घ्यावा लागतो.

तिरक्या केबलची युक्ती वेगळी. जहाजाजवळ सात-आठ मीटर आणि शेपटाकडं चाळीस-पन्नास मीटर खोल, अशी केबल वाकवून धरायची. मग प्रत्येक चॅनेलचा खड्डा वेगळ्या फ्रिक्वेन्सीला पडतो. एकाकडं जे नाही ते शेजाऱ्याकडं असतं, सगळे एकत्र आणले की खड्डा भरतो. सीजीजी कंपनीनं 2010 च्या सुमारास ब्रॉडसीस या नावानं ही पद्धत बाजारात आणली, कल्पना त्याआधी 1980 च्या दशकातली आहे.

आणि सोर्स घोस्ट?

तत्त्व तेच. एअरगन 6 मीटरवर असल्या तर खड्डा 125 हर्ट्झला. वेगवेगळ्या खोलीवर गन ठेवून उलीसा वेळ मागंपुढं करून उडवतेत, म्हणजे खाली जाणारी लाट एकीत एक मिळते आणि वर जाणारी विस्कटते. तसं नसेल तर सॉफ्टवेअरमधी काढायचा.

सेक्शनवर मल्टिपल ओळखायचा कसा?

आधी वेळ बघा. पाणी 1500 मीटर खोल असेल तर समुद्रतळ 2 सेकंदाला दिसतो, मग त्याचा पहिला मल्टिपल 4 ला, दुसरा 6 ला. तळाला चढ असेल तर मल्टिपलमधी तो चढ दुप्पट होतो, हे मला सगळ्यात पटकन दिसतं. मग उलटसुलटपणा: तळाची परावर्तनाची ताकद 0.3 धरली आणि बाकीचे ऱ्हास सोडून दिले तर पहिल्यांदा 0.3, मल्टिपल उणे 0.09, पुढचा अधिक 0.027, असं चिन्ह बदलत जातं.

सगळ्यात पक्की खूण वेगाची. 4 सेकंदाला खरा थर असेल तर त्याची लाट खडकातून गेलेली असते, तिचा सरासरी वेग जास्त. मल्टिपल मात्र पाण्यातच हेलपाटे घालत होता, त्याचा वेग 1500 च. म्हणून खऱ्या थराच्या वेगानं गॅदर (एकाच जागेच्या ट्रेसचा गठ्ठा) सपाट केला की खरा थर आडवा होतो आणि मल्टिपल दूरच्या ऑफसेटला (ऑफसेट म्हणजे गन आणि हायड्रोफोनमधलं अंतर) खाली झुकतो.

त्या झुकण्यावरूनच काढून टाकता येत नाही का?

येतं, त्यालाच रेडॉन डिमल्टिपल म्हणतेत आणि रोज वापरतो. पण जहाजाजवळच्या ऑफसेटला झुकणं दिसायलाच जागा नसते, तिथला मल्टिपल तसाच राहतो. आणि खडकाचा वेग कमी असेल तर खरा आणि खोटा दोघंबी सारखेच वाकतेत. म्हणून हे दुसऱ्या नंबरचं हत्यार.

मग पहिल्या नंबरचं कोणतं?

एसआरएमई, म्हणजे सरफेस रिलेटेड मल्टिपल एलिमिनेशन. नेदरलँडच्या डेल्फ्ट विद्यापीठात बर्कहाउट आणि व्हर्शूर यांनी यावर काम केलं, 1992 मधी ते सविस्तर छापून आलं आणि त्यानंतर हा धंदाच बदलला.

कल्पना बघा किती देखणी आहे. मल्टिपलचा रस्ता असा: जहाजापासून खाली, वर, पृष्ठभागावर एका ठिकाणी आपटणं, पुन्हा खाली, वर, हायड्रोफोन. त्या आपटण्याच्या जागी रस्ता तोडा. दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकडे म्हणजे साध्या सरळ लाटा, ज्या आपण सर्व्हेत आधीच रेकॉर्ड केल्यात! म्हणजे जहाज ते ती जागा हा ट्रेस आणि ती जागा ते हायड्रोफोन हा ट्रेस, दोन्हींचं कन्व्होल्यूशन (दोन नोंदी गणितानं एकात एक गुंफणं) केलं की मल्टिपल तयार. आपटण्याची जागा नेमकी कोणती हे माहीत नसलं तरी चालतं, सगळ्या शक्य जागा घेऊन बेरीज करायची, खरी जागा आपोआप उरते, बाकीच्या एकमेकींना मारतेत. खाली कोणता खडक आहे, वेग किती, काहीच सांगावं लागत नाही. डेटा स्वतःच स्वतःचा मल्टिपल सांगतो.

पण फुकट काहीच नाही. प्रत्येक जागी शॉट आणि रिसीव्हर दोन्ही पाहिजेत, आणि खऱ्या सर्व्हेत केबली एकमेकींपासून पन्नास-शंभर मीटरवर असतेत, मधला डेटा गणितानं भरून काढावा लागतो. जहाजाजवळचे पहिले शंभर-दोनशे मीटर मोजलेलेच नसतेत, तेबी भरावे लागतेत. आणि दोन ट्रेस एकमेकांत मिसळल्यामुळं एअरगनचा आवाज अंदाजात दोनदा येतो, म्हणून निस्तं वजा करून जमत नाही, अंदाजाला छोटा फिल्टर लावून डेटाशी जुळवून मग वजा करतेत. याला अ‍ॅडॅप्टिव्ह सबट्रॅक्शन म्हणतेत. माझ्या मते चांगल्या आणि वाईट कामातला फरक अंदाजात नाही, या वजाबाकीत पडतो.

मुंबई हायसारख्या कमी पाण्यात हे चालतं का?

इथं खरी परीक्षा आहे. मुंबई हायवर 1974 मधी तेल लागलं, पाणी तिथं 75 मीटरच्या आसपास. म्हणजे दर 100 मिलिसेकंदांना एक मल्टिपल, सेक्शनभर पट्ट्याच पट्ट्या, सोलापुरी चादरीसारख्या.

एसआरएमईला समुद्रतळाची स्वच्छ नोंद लागते. पण पहिला हायड्रोफोन 150 मीटरवर आणि पाणी 75 मीटर असलं तर तळावर आपटणारी लाट थेट 45 अंशात असते. सरळ उभी आपटलेली लाट आपण मोजलेलीच नाही. जी मोजली ती 141 मिलिसेकंदांना येते, आणि जहाजाकडून सरळ पाण्यातून आलेली लाट 100 ला येऊन आधीच ढणढण करत बसलेली असते. ज्याची नोंदच खराब त्याच्यावरून अंदाज काय येणार.

म्हणून उथळ पाण्यात समुद्रतळ डेटातून घेत नाहीत. पाण्याची खोली माहीत असते, वेग माहीत असतो, त्यावरून पाण्याच्या थराचा प्रतिसाद गणितानं बनवतेत आणि तो डेटाशी कन्व्होल्व्ह करून मल्टिपलचा अंदाज काढतेत. किंवा जुनं, विश्वासाचं डीकॉन (डीकॉन्व्होल्यूशन) टाऊ-पीमधी लावतेत, ज्यात ठराविक अंतरानं परत परत येणारं ओळखून काढलं जातं. पाण्याच्या थरातल्या या घुमण्यावर मिलो बॅकस यांनी 1959 मधीच लिहून ठेवलंय आणि त्यातला विचार आजबी कामाला येतो. नव्या पोरांना मी नेहमी सांगतो, जुनी पद्धत म्हणून डीकॉनला टाकून देऊ नका.

जास्त काढलं गेलं तर काय होतं?

तर खरा थर जातो, आणि तो गेलाय हे कुणाला कळतबी नाही. मल्टिपल राहिला तर निदान दिसतो तरी.

माझ्या हातून झालंय. खोल पाण्यातलं काम होतं, दुसऱ्या मल्टिपलच्या अगदी जवळून एक हलका खरा थर जात होता. वजाबाकीची खिडकी मी लहान ठेवली आणि फिल्टर लांब, त्यामुळं फिल्टरला एवढी मोकळीक मिळाली की त्यानं मल्टिपलबरोबर तो थरबी ओढून घेतला. सेक्शन एकदम स्वच्छ, सगळे खूश. पुढं इंटरप्रिटेशन करणाऱ्या बाईंनी विचारलं की हा थर इथं मधेच का थांबतोय, फॉल्ट (थर तुटून सरकल्याची जागा) तर दिसत नाही. तेव्हा वजा केलेला डेटा वेगळा काढून बघितला, आणि त्यात तो थर होता, लांबलचक, स्पष्ट. सगळं परत चालवायला तीन आठवडे लागले. वाईट याचं वाटलं की तो डिफरन्स मी आधीच बघायला पाहिजे होता.

तेव्हापासून माझा नियम, आधी जे काढलं ते बघायचं, मग जे उरलं ते. काढलेल्या डेटात भूगर्भ दिसायला लागला, फॉल्ट दिसायला लागले, की थांबायचं आणि हात सैल करायचा.

कोणतं आधी करायचं, घोस्ट का मल्टिपल?

साधारण क्रम असा: लाटांचा गोंगाट, मग एअरगनच्या बुडबुड्याचा परिणाम, मग डिघोस्टिंग, मग एसआरएमई किंवा उथळ पाण्याची पद्धत, शेवटी रेडॉन, आणि मायग्रेशन म्हणजे थर त्यांच्या खऱ्या जागी नेऊन चित्र काढणं.

मल्टिपल वापरताबी येतो असं ऐकलं, खरंय का?

खरंय. समुद्रतळावर ठेवलेल्या नोडमधी (लाटा नोंदवणारी सुटी यंत्रं) तर हे नेहमीचंच झालंय. नोड थोडेच असतेत, लांब लांब ठेवलेले, त्यामुळं वर येणाऱ्या सरळ लाटांनी समुद्रतळालगतचा भाग नीट उजळत नाही. पण पृष्ठभागावर आपटून खाली आलेली लाट घेतली तर जणू नोड पाण्याच्या वर, आरशातल्या जागी ठेवलाय असं धरून चित्र काढता येतं, आणि वरून बघितल्यावर जास्त रुंद दिसतं. याला मिरर इमेजिंग म्हणतेत. जी लाट स्ट्रीमरवाला काढून टाकतो तीच नोडवाला जपून ठेवतो.

आमच्याकडं ना सॉफ्टवेअर ना डेटा, शिकायचं कसं?

कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचं सिस्मिक युनिक्स फुकट आहे, मॅडॅगास्कर फुकट आहे, आणि खरं तर सुरुवातीला पायथन पुरतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. पुढं शिकायचं असेल तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ नांदेड-लातूरवाल्यांना जवळ, नाहीतर जॅम (आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी मुंबई, धनबाद, रुरकी.

आजच्या आज करायचा एक अभ्यास देतो. 30 हर्ट्झची रिकर वेव्हलेट (सरावासाठीची छोटी नमुना लाट) बनवा, तिची उलटी कॉपी 10 मिलिसेकंद उशिरा मिळवा, दोन्हींचा स्पेक्ट्रम काढा, 100 हर्ट्झचा खड्डा आणि शून्याकडचा उतार डोळ्यानं बघा. मग त्यात उलीसा रँडम गोंगाट टाका आणि उलट क्रिया लावून घोस्ट काढा, आधी लगाम न घालता. 100 हर्ट्झला गोंगाटाचा सुळका उभा राहील. मग लगाम हळूहळू वाढवा आणि सुळका बसेपर्यंत खालच्या 5 हर्ट्झचं काय होतंय त्यावर लक्ष ठेवा. मग खोली मुद्दाम चुकवा, 7.5 च्या जागी 8 लिहा, आणि वेव्हलेटच्या मागं जी शेपूट उरते ती नीट बघून ठेवा, कारण खऱ्या डेटात केबलची खोली चुकली की तीच शेपूट दिसते. हे करून झालं आणि कुठं अडलं तर विचारा, ग्राफ सोबत पाठवा म्हणजे नेमकं सांगता येईल.